जंतूंची भित्ती आणि सेफॅलोस्पोरिन

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या भागीदारीतून १९८१ साली बंगळूर येथे कर्नाटक अँटिबायोटिक्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला. यशवंतपूरपलीकडील पीण्या येथे त्याचा कारखाना आहे. तेथे होणाऱ्या औषधांत सेफॅलोस्पोरिन वर्गातील इंजेक्शनेही आहेत. या वर्गाचे मूळ एका बुरशीत आहे. सार्डिनिया बेटावरील काग्लियारी शहराचे सांडपाणी समुद्रास मिळते तेथे १९४५ साली ज्युझेप्पे ब्रोत्झू यांना ती आढळली.

जंतूच्या पेशीभोवती चिवट भित्ती असते. तिची बांधणी करणाऱ्या एंझाइमांना हे औषध जखडून टाकते. मग भित्ती दुबळी होते आणि आतील दाबाने जंतू फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तीच नसल्यामुळे त्या या घावातून वाचतात.

सेफ्ट्रायाक्झोन हे या वर्गातील एक औषध आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही; म्हणून ते शिरेत किंवा स्नायूत टोचतात. फुप्फुसदाह, विषमज्वर आणि जंतुजन्य मस्तिष्कावरणदाह यांवर ते देतात.

पडसे मात्र विषाणूंमुळे होते, आणि विषाणूंना भित्ती नसते. तेथे हे औषध व्यर्थ होय. शिवाय अनाठायी वापराने औषधाचाच नाश करणारी एंझाइमे बाळगणारे जंतू तगतात व फैलावतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते घ्यावे. तरच उद्याच्या रुग्णालाही ते तारील.