नदीने राजा जन्माला घातला काय?

शेताचा बांध हा दिवाणी न्यायालयातला सर्वांत चिवट विषय. वीतभर जमिनीसाठी आजोबा दावा लावतो आणि नातू तारखा घेत राहतो, हे आम्ही वकिलीच्या व्यवसायात नेहमी पाहतो. परंतु बांधाचा कायदा किती जुना आहे, हे वकिलांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. आजच्या इराकमध्ये, बॅबिलॉन येथे, इ.स.पू. १७९२ ते १७५० या काळात राज्य करणाऱ्या हम्मुराबीने काळ्या दगडावर आपला कायदा कोरून घेतला. तो स्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातल्या ५३ व्या कलमाचा आशय असा : ज्याने आपल्या शेताचा बांध मजबूत ठेवण्यात हयगय केली आणि बांधाला खिंडार पडून इतरांची शेते बुडाली, त्याने बुडालेल्या धान्याची भरपाई द्यावी. ऐपत नसेल तर? ५४ वे कलम म्हणते, त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकावे आणि ज्यांचे पीक गेले त्यांनी ती रक्कम वाटून घ्यावी.

बांध फुटला म्हणून माणूस विकायचा! एवढी कठोर तरतूद का करावी लागली? याचे उत्तर राजाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्यांच्या पात्रात शोधले पाहिजे.

या दोन्ही नद्या तुर्कस्तानच्या डोंगरांतून येतात. तिथला बर्फ वितळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पूर येतो. नेमके त्याच वेळी खालच्या सपाट प्रदेशात जवाचे पीक कापणीला आलेले असते. म्हणजे पेरणीच्या वेळी नदी आटलेली आणि कापणीच्या वेळी चढलेली. दक्षिण भागात पाऊस इतका तुटपुंजा की त्यावर शेती होत नाही. त्यात युफ्रेटिस गाळ टाकत टाकत आपलेच पात्र उंच करत जाते आणि आजूबाजूची शेते पाण्याच्या पातळीखाली राहतात. पाट काढायला ही रचना सोयीची, पण बांध फुटला तर एकट्याचे नव्हे, साऱ्या शिवाराचे वर्ष वाया. अशा ठिकाणी शेजाऱ्याचा बांध हा शेजाऱ्याचा खाजगी प्रश्न राहूच शकत नाही.

याच कायद्यातले ४८ वे कलमही मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पुराने पीक नेले किंवा पाण्याअभावी धान्य आलेच नाही, तर कर्जदाराने त्या वर्षी सावकाराला काही देऊ नये. कर्जाची मातीची पाटी ओली करून मजकूर बदलावा आणि त्या वर्षाचे व्याजही देऊ नये. (पावणेचार हजार वर्षांपूर्वीची ही सवलत आजच्या किती सावकारी कागदांत सापडेल, हे वाचकांनीच सांगावे.)

आता नाईलकडे पाहा. इथिओपियाच्या पठारावर पावसाळा झाला की इजिप्तमध्ये पाणी चढू लागे, सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत वर जाई आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओसरे. जमीन भिजलेली, वर ताजा गाळ, आणि पेरणीचा हंगाम समोर! शेतांभोवती बांध घालून पाणी सुमारे दीड महिना कोंडायचे, मग सोडून द्यायचे आणि बी टाकायचे. आपल्याकडे धरणाचे पाणी मागे हटले की गाळपेर करतात, तशी सबंध देशाची गाळपेर म्हणा ना. १९७० साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले आणि हा क्रम संपला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इजिप्तला नदीची देणगी म्हटले ते उगाच नव्हे.

इथपर्यंत भूगोलाचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. वाद पुढे सुरू होतो. कार्ल विटफोगेल या विद्वानाने १९५७ साली एक मोठा ग्रंथ लिहून असे मांडले की, मोठ्या नदीचे पाणी आवरायला हजारो हात लागतात, त्या हातांना हुकूम देणारा लागतो, म्हणून अशा प्रदेशांत निरंकुश राजसत्ता उभी राहिली. हे मत ऐकायला शास्त्रीय वाटते आणि सत्ताधाऱ्यांना फार सोयीचे आहे. सत्ता निसर्गानेच दिली म्हटल्यावर तिला जाब कोण विचारणार?

परंतु पुरावा तपासला की हा दावा टिकत नाही. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी इराकमधील जुने कालवे आणि वसाहती यांची वर्षानुवर्षे पाहणी केली. सुरुवातीचे पाट लहान होते, गावकीच्या आवाक्यातले होते. मोठे कालवे राज्य उभे राहिल्यानंतर आले. इजिप्तविषयी कार्ल बुट्झर यांनी १९७६ साली हेच दाखवले. पाण्याची व्यवस्था स्थानिक पातळीवर चाले, बांध घालायला फॅरो लागत नव्हता. फॅरो लागत होता तो पुराची उंची पाहून सारा ठरवायला आणि वसूल करायला.

आणि हम्मुराबीकडेच परत जायचे तर त्याचे १९६ ते १९९ ही कलमे वाचा. वरच्या दर्जाच्या माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा फोडावा. खालच्या दर्जाच्या माणसाचा फोडला तर एक मीना, म्हणजे सुमारे अर्धा किलो, चांदी द्यावी. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीची निम्मी रक्कम. अशी पायरीपायरीची शिक्षा आमच्या वाचकांनी अन्यत्रही वाचलेली आहे. ५३ वे कलम युफ्रेटिसने लिहून घेतले असे कोणी म्हटले तर आम्ही मान डोलावू. १९८ वे कलम कोणत्या नदीने लिहून घेतले?

सिंधूच्या खोऱ्यात तर हा सिद्धांत आणखी अडखळतो. इ.स.पू. २६०० ते १९०० या काळातल्या मोहेंजोदडो शहरात सुमारे ७०० विहिरी असाव्यात असा मायकेल यान्सेन यांचा अंदाज आहे. विटांनी बांधलेल्या, कित्येक थेट घरांत. पण निर्विवाद राजवाडा म्हणावा अशी इमारत अद्याप सापडलेली नाही. म्हणून तिथे समता नांदत होती असे आम्ही म्हणणार नाही. लिपी वाचता येत नाही, तोवर विहिरीवर कोणाचा हक्क होता हे सांगता येत नाही. कच्छच्या रणातले धोलावीरा तर बारमाही नदीवाचूनच वसलेले. पावसाळ्यात वाहणारे दोन ओढे बांध घालून अडवायचे आणि दगडी तलावांत पाणी साठवायचे. तिथे बालेकिल्ल्याला मात्र स्वतंत्र तटबंदी आहे.

घग्गर-हाक्रा खोऱ्याचा वाद तर आता राजकारणाचा विषय झाला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार सतलज हे खोरे सुमारे ८००० वर्षांपूर्वीच सोडून गेली होती; म्हणजे हडप्पाकालीन वस्त्या मोठी नदी निघून गेल्यावर, तिच्या जुन्या पात्रात वसल्या. २०१९ च्या दुसऱ्या संशोधनाने तिथला प्रवाह सुमारे ४५०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता असे म्हटले. वाद वाळूच्या कणांचा आहे, तो प्रयोगशाळेत सुटेल. नदीला पवित्र नाव देऊन तो सुटणार नाही.

सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पाऊस कमी झाल्याच्या खुणा या सर्व प्रदेशांत सापडतात. इजिप्तचे जुने राज्य मोडले आणि दीडएकशे वर्षांनी पुन्हा एकत्र झाले. इराकमध्ये अक्कदचे साम्राज्य गेले, काही काळाने ऊरचे राज्य आले. सिंधूकाठची माणसे इ.स.पू. १९०० नंतर शहरे सोडून लहान लहान वस्त्यांत पांगली. दुष्काळ त्याच सुमाराचा, वागणे तीन तऱ्हांचे.

हडप्पा संस्कृतीच्या या उत्तरकाळाचे थर आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला सापडले आहेत. त्यानंतरच्या जोर्वे काळातली एक वस्ती पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला होती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिचे उत्खनन केले. घोड म्हणजे काही नाईल नव्हे. तरी तिथे बांध आणि पाट निघाला. पाच खोल्यांचे एक घर निघाले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. बहुतेकांची घरे एका खोलीची. सुस्थितीतले शेतकरी वस्तीच्या मधोमध राहत असत, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे पश्चिमेच्या कडेला.