कांचेच्या टाकींतील मोठा मासा

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील बिऱ्हाडांतून मासे पाळण्याची हौस हल्लीं बरीच वाढली आहे. शेतकऱ्यांच्या मासिकांत हा शहरी विषय कशाला, असें वाचक म्हणतील. परंतु शहरांतील टाकींत न मावणारा मासा शेवटीं तळ्यांत किंवा ओढ्यांत सोडला जातो, आणि तेथून तो आपल्या बांधापर्यंत येऊं शकतो.

नातवाच्या हट्टास्तव आम्हीं डोंबिवलीच्या बिऱ्हाडीं एक ‘सकर’ आणला. शिंगाळा व मागूर यांच्याच मिशाळ गणांतील हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. खालच्या अंगास असलेल्या तोंडानें तो कांचेस चिकटतो व शेवाळ खरवडतो. दुकानदारानें कांच साफ राहील एवढेंच सांगितलें. मासा किती वाढतो हें आम्हीं विचारलें नाहीं, ही चूक आमचीच. बोटाएवढा आणलेला मासा तीन वर्षांत सव्वा फूट झाला. ‘रेडटेल’ नांवाचा तांबड्या शेपटीचा मासा तर चार फुटांवर जातो, आणि तोहि तळहातावर मावेल एवढा असतांनाच विकला जातो.

आमची नोकरी महसूल खात्यांत मोजमापांतच गेल्यामुळें आम्हीं हिशेब मांडला. माशास अंग न दुमडतां वळतां यावें, तर टाकीची रुंदी त्याच्या लांबीहून कमी नसावी. सकरासाठीं ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच टाकी धरल्यास २४ घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी होतें. रेडटेलसाठीं १२ फूट लांब, ४ फूट रुंद व ४ फूट उंच टाकी धरल्यास ५४०० लिटरांवर, म्हणजे जवळजवळ साडेपांच टन! राहत्या घराचा स्लॅब सामान्यतः दर चौरस मीटरास २०० किलो भार धरून आंखतात. हा भार त्याच्या सहापट आहे. शिवाय मोठ्या माशाचा मळहि मोठा. त्यापासून होणारा अमोनिया विषारी असतो व तो पचविणारे जंतू गाळणींत बसण्यास महिना-सव्वा महिना लागतो. आठवड्यास चौथाई पाणी बदलावें लागतें, तें निराळेंच.

आमचा मासा टाकींत मावेना, दुकानदार परत घेईना. तेव्हां एका शेजाऱ्यांनीं तो कल्याणच्या काळ्या तलावांत सोडून पुण्य जोडण्याचा सल्ला दिला. आम्हीं पिशवीहि भरली होती. पण उजनी धरणांतील कोळ्यांची तक्रार ऐकून होतों : तेथें हाच सकर माजला असून त्याच्या कांट्यांनीं जाळीं फाटतात. याहून शेतकऱ्यानें ध्यानांत घेण्याची गोष्ट अशी कीं, विणीसाठीं हा मासा कांठाच्या मातींत खोल बिळें करतो व त्यामुळें कांठ ढासळतो. मातीच्या शेततळ्यांत तो शिरला तर बांधाचें काय होईल, हें सांगावयास नको. ‘थाई मागूर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागुराच्या पालनास केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी केली. तो देशी मासे खाऊन टाकतो. सकर मात्र दुकानांत उघड मिळतो.

पिशवी रिकामी करून आम्हीं मासा मुरबाडकडील आमच्या सिमेंटच्या हौदांत नेला. पावसांत हौद भरून वाहूं नये म्हणून वर पत्रा घातला आहे व तोटीस बारीक जाळी बसविली आहे. त्यास काकडीचे काप देतों. बदललेलें पाणी नाल्यास न सोडतां केळींस घालतों. केळींस तें चांगलें मानवलें आहे.