मोटारीच्या बैठकीची शिवण

सदऱ्याची टीप वांकडी गेली तर ती उसवून पुन्हां घालतां येते. सुती कापडांतील सुईचीं छिद्रें पुढच्या धुण्यांत बुजून जातात. मोटारीच्या बैठकीच्या गवसणीचें तसें नाहीं. चामडें असो वा रेक्झीन, सुईनें एकदां पाडलेलें छिद्र तेथें कायमचेंच राहतें. यास्तव हें काम शिकूं इच्छिणाऱ्यानें प्रथम यंत्रांत दोरा न ओंवतां जाड कागदावर आंखलेल्या रेषांवरून नुसती सुई चालवावी. आधीं सरळ रेषांवरून, नंतर वळणांवरून. हा अभ्यास कंटाळवाणा खरा. पण पाटीवर अक्षर गिरविण्यास तरी कोणता मुलगा हौसेनें बसतो?

टांके जितके दाट तितकी शिवण बळकट, अशी आपली घरगुती समजूत असते. येथें ती उलटी ठरते. पोस्टाच्या तिकिटांभोंवतीं छिद्रांची ओळ असते, ती तिकीट सहज फाडतां यावें म्हणूनच ना? दाट टांक्यांनीं चामड्याची तीच गत होते. इंचाला ६ ते ७ टांके, म्हणजे सुमारें ४ मिलिमीटरचा एक टांका, एवढें पुरतें. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा; कांचेंतून येणाऱ्या उन्हानें सुती दोरा लौकर जीर्ण होतो, आणि नायलॉनहि उन्हापुढें त्याच्याइतका टिकत नाहीं.

घरगुती यंत्राचे दाते फक्त खालचा थर पुढें सरकवितात. वरचा मागें रेंगाळतो आणि शेवटीं कडा जुळत नाहींत. या धंद्यांतील यंत्रांत दाबणारा पाय व सुई हीं दोन्हीं कापडाबरोबर पाऊल टाकतात. तरीहि यंत्रावर विसंबूं नये. जुनी गवसणी उसवण्यापूर्वींच प्रत्येक जोडावर आडव्या खुणा करून त्या नव्या तुकड्यांवर उतरून घ्याव्या. खूण खुणेला भिडली कीं जोड बरोबर. टांचण्या लावूं नयेत, त्यांचींहि छिद्रें राहतात, चिमटे वापरावे. माया अर्धा इंच सोडावी व वळणावर तिला खाचा द्याव्या, मात्र त्या टिपेपर्यंत पोंचूं देऊं नयेत. मग माया एका बाजूस निजवून वरून दुसरी टीप घालतात. पुष्कळांना ती केवळ शोभेची वाटते. वास्तविक माया आंत गोळा होऊं न देण्याचें काम तीच करते.

एवढें साधलें म्हणजे प्रत्येक शिवण भक्कम करण्याचा उत्साह येतो. नेमकें येथेंच थांबावें लागतें. अलीकडील पुष्कळ मोटारींत पुढच्या बैठकीच्या पाठीमध्यें, दाराकडील कडेला, हवेची पिशवी म्हणजे एअरबॅग दडविलेली असते. बाजूनें धडक बसतांच ती सेकंदाच्या कांहीं शतांशांत शिवण फाडून बाहेर यावयाची असते. म्हणून तेवढी शिवण कारखान्यांत मुद्दाम ठराविक ओढीला तुटेल अशीच घालतात. बळकट दोऱ्यानें ती पुन्हां शिवली, किंवा तिच्यावर सबंध गवसणी चढविली, तर पिशवी उशिरां उघडण्याचा, भलतीकडे वळण्याचा धोका असतो. बैठकीच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी दिसली, तर ती बाजू उसवूं नये. तेथील तुकडा मोटार बनविणाऱ्या कंपनीकडूनच बसवून घ्यावा. बाजारांतून तयार गवसणी घेतांनाहि ती बाजू मोकळी ठेवली आहे ना, हें दुकानांतच पाहून घ्यावें.