औषधाच्या बाटलीचें झांकण

घरांत औषध आलें म्हणजे तें कोणत्या विकारावर आहे, दिवसांतून किती वेळां घ्यावयाचें आणि त्याची किंमत काय पडली, याची चौकशी सर्व मंडळी करितात. तें ज्या बाटलींतून किंवा वेष्टनांतून आलें, त्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं. फराळाचा डबा काय आणि औषधाची बाटली काय, वस्तु राखण्याचें तें एक साधन, एवढाच सर्वसाधारण समज असतो. परंतु डब्यांतील दोन लाडू अधिक खाल्ले गेले तर फार तर पोट बिघडतें. बाटलींतील गोळ्यांचें तसें नाहीं. म्हणून औषधाचें वेष्टन कसें असावें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

कॅनडा देशाच्या ऑन्टारिओ प्रांतांत विंडसर नांवाचें शहर आहे. तेथील एका रुग्णालयांत डॉ. हेन्री ब्रो हे बालरोगतज्ज्ञ विषबाधा-निवारण केंद्राचे प्रमुख होते. मोठ्यांच्या गोळ्या खाऊन अत्यवस्थ झालेलीं लहान मुलें त्यांच्याकडे वारंवार आणलीं जात. मुलांकरितां गोड चवीच्या ॲस्पिरिनच्या गोळ्याही त्या काळीं विकल्या जात. औषध आणि खाऊ यांतील भेद तीन वर्षांच्या मुलास कोठून कळणार? औषधें उंचावर ठेवा, कुलुपांत ठेवा, असा उपदेश आईबापांस पुष्कळ करण्यांत आला. पण अपघात थांबेनात. आई कितीही दक्ष असली, तरी चोवीस तास सारख्याच दक्षतेनें वागणें माणसाच्या हातचें नाहीं. तेव्हां माणसाची सावधगिरी जेथें अपुरी पडते, तेथें बाटलीनेंच सावध राहावें, असा विचार पुढें आला. पीटर हेजविक या कुशल कारागिरानें डॉ. ब्रो यांच्या प्रेरणेनें इ. स. १९६७ सालीं एक नवें झांकण तयार केलें. तळहातानें तें खालीं दाबावयाचें आणि दाबलेलें असतांनाच फिरवावयाचें, एवढीच त्याची युक्ति.

ही युक्ति दिसावयास साधी, पण ती बालस्वभावाच्या निरीक्षणावर उभारलेली आहे. लहान मूल झांकण ओढील, फिरवील, आपटील, दांतांनीं चावील. परंतु एकाच वेळीं दाबणें आणि फिरवणें या दोन क्रिया जुळवून आणणें त्यास कठीण जातें. विंडसरच्या परिसरांत या झांकणाचा वापर सुरू झाल्यावर मुलांच्या विषबाधेचें प्रमाण शेंकडा ९० हून अधिक घटलें. पुढें १९७४ सालीं ऑन्टारिओ प्रांतानें अशीं झांकणें सक्तीचीं केलीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा वेष्टनांविषयींचा कायदा १९७० सालींच झाला होता.

अमेरिकेंत अशा वेष्टनाची जी परीक्षा घेतात, ती मोठी मनोरंजक आहे. सुमारें साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या जोड्या बसवून त्यांच्या हातीं बाटल्या देतात. पांच मिनिटें मुलें आपल्या बुद्धीनें खटपट करितात. मग परीक्षक त्यांच्यासमोर बाटली उघडून दाखवितो, दांत लावण्यासही परवानगी देतो आणि आणखी पांच मिनिटें देतो. एवढें करूनही शेंकडा ८० मुलांस बाटली उघडतां आली नाहीं, तर वेष्टन उत्तीर्ण! याचा अर्थ असाही होतो कीं, शंभरांतील वीस मुलांनीं बाटली उघडली तरी तें वेष्टन बाजारांत येऊं शकतें. झांकण मुलास अडवितें, थोपवितें. कायमचें रोखीत नाहीं. उंच फळीची आवश्यकता झांकणानें संपलेली नाहीं.

परंतु या सोयींतून एक नवीनच गैरसोय उत्पन्न झाली. संधिवातानें बोटें आंखडलेल्या आजीबाईंस नातवाइतकेंच तें झांकण उघडेना. आरंभींच्या परीक्षेंत मोठ्या माणसांचा जो गट असे, तो १८ ते ४५ वर्षांच्या लोकांचा असे; म्हणजे औषधें सर्वांत अधिक ज्यांस लागतात, ते वृद्धच परीक्षेंतून वगळले गेले होते. परिणाम असा झाला कीं, कित्येक वृद्ध एकदां कसेंबसें उघडलेलें झांकण पुन्हां लावीतच नसत. बाटली उघडी राही, आणि नातवंडें भेटीस आलीं म्हणजे ज्या धोक्यासाठीं एवढा खटाटोप केला तोच पुढें उभा राही. शेवटीं १९९५ सालीं नियम बदलण्यांत आला, आणि ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकीं शेंकडा ९० जणांस वेष्टन उघडतां व पुन्हां नीट बंद करतां आलें पाहिजे, असें ठरलें. जें वापरावयास जड जातें तें अखेर वापरलें जात नाहीं, हा धडा यांतून मिळाला.

बाटली उघडली, तरी ती आपलीच हें कळलें पाहिजे. न्यूयॉर्क येथें डेबोरा ॲडलर नांवाची विद्यार्थिनी चित्रकला व आकृतिशास्त्र शिकत होती. तिच्या आजीनें एकदां चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या, कारण दोघांच्या बाटल्या दिसावयास सारख्याच होत्या. नातीनें पाहिलें तों बाटलीवर दुकानाचें नांव ठळक आणि औषधाचें नांव बारीक! तिनें सपाट बाजूची बाटली आंखली, औषधाचें नांव सर्वांत वर व मोठ्या अक्षरांत घातलें, आणि घरांतील प्रत्येक माणसासाठीं निराळ्या रंगाचें कडें योजिलें. टार्गेट या अमेरिकन दुकानांनीं २००५ सालीं ही बाटली प्रचारांत आणली. त्या दुकानांचा औषधविभाग दुसऱ्या मंडळीकडे गेल्यावर मात्र ती बंद पडली.

भारतांत गोळ्या बहुधा पट्टींतून मिळतात. प्रत्येक गोळी निराळ्या कोशांत बंद असल्यामुळें दमटपणापासून तिचें रक्षण होतें, आणि मूठभर गोळ्या एकदम मुलाच्या हातीं लागत नाहींत. परंतु चार गोळ्या कापून घेतल्या म्हणजे नांव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्यावर, असा प्रकार नेहमीं घडतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रचलित औषधांच्या वेष्टनावर क्यूआर संकेत छापणें बंधनकारक झालें आहे. मोबाइलनें तो वाचला असतां औषधाचें नांव, उत्पादक व मुदत कळते. पण पट्टी कापली गेली कीं संकेतही तुटण्याचा संभव असतो. आणि रात्रीं चष्मा शोधणाऱ्या वृद्धास मोबाइलपेक्षां ठळक अक्षरच अधिक उपयोगी.

तोंपर्यंत गृहस्थानें कांहीं पथ्यें पाळणें इष्ट आहे. ज्या टोंकावर नांव व मुदत असेल, तें टोंक शेवटपर्यंत राखावें. गोळ्या काढून दुसऱ्या रिकाम्या बाटलींत भरूं नयेत. प्रत्येकाचें औषध निराळ्या डब्यांत ठेवून त्यावर त्याचें नांव लिहावें. वैद्य सल्ला देऊन निघून जातो, औषधविक्रेता दुकानांत राहतो; मध्यरात्रीं रोग्याच्या उशाशीं काय तें वेष्टनच असतें. त्यानें स्पष्ट बोलावें आणि योग्य हातालाच उघडावें, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.