माणूस कुठे घडतो : आरमोरीतून घेतलेला मागोवा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी या गावांत व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचे फलक लागतात. मुलांना धीटपणे बोलायला शिकवतात, इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला लावतात आणि फळ्यावर त्रिकोण काढून मॅस्लोने सांगितलेल्या गरजांची उतरंड समजावतात. हेतू चांगलाच असतो. पण व्यक्तिमत्त्व आठ-दहा दिवसांत घडते, आणि त्यासाठी पोराला त्याच्या बोलीपासून, घरापासून, बांधीतल्या चिखलापासून थोडे सोडवून घ्यावे लागते, ही त्यामागची समजूत मला मान्य नाही. माणसाचा स्वभाव कधी, कुठे आणि कोणाच्या हातून घडतो, याविषयी मानसशास्त्रात गेली सव्वाशे वर्षे वाद चालू आहे. तो वाद आरमोरीतून पाहण्याला कारण आहे. गावाच्या पश्चिमेला वैनगंगा आणि धानाच्या बांध्या, पूर्वेला कुरखेडा-धानोऱ्याचे जंगल. मुले वाढवण्याच्या दोन रीती इथे शेजारी नांदतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता.

सुरुवात फ्रॉइडपासून करावी लागते. १९०५ साली त्याने बालपणातल्या कामप्रेरणेविषयी निबंध लिहिले आणि पहिल्या पाच-सहा वर्षांत आई, बाप आणि मूल यांच्यात जे घडते त्यावर पुढचा सारा स्वभाव उभा राहतो, असे मांडले. त्याच्यासमोर येणारे रुग्ण व्हिएन्नाच्या सुखवस्तू घरांतले होते. चार भिंतींच्या आत राहणारे छोटे कुटुंब त्याने जणू साऱ्या मानवजातीचे घर मानले. आपल्याकडून त्याला उत्तर लवकर गेले. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था स्थापली आणि आपल्या भारतीय रुग्णांची मनोरचना फ्रॉइडच्या सूत्रात नेमकी बसत नाही, असे त्यालाच पत्राने कळवले. १९२७ मध्ये मॅलिनोव्हस्कीने ट्रोब्रिअंड बेटांचा दाखला दिला. तिथे मुलावर अधिकार चालतो मामाचा. बाप असतो खेळगडी. मग फ्रॉइडने सांगितलेली, मुलाच्या मनातली बापाविषयीची भीती आणि ईर्षा सगळीकडे सारखीच कशी असेल?

त्याच काळात अमेरिकेत वॉटसन आणि त्यानंतर स्किनर सांगत होते की आत काही शोधू नका, बक्षीस आणि शिक्षा यांतून माणूस घडवता येतो. या विचाराविषयी इथे फार लिहिण्यासारखे नाही. आपल्या शाळांच्या छडीत आणि शिबिरांच्या प्रमाणपत्रात तो आजही जिवंत आहे.

आता जंगलाकडे वळू. १९३८ साली ग्रिगसन या सनदी अधिकाऱ्याचे बस्तरच्या माडिया गोंडांवरचे पुस्तक आले आणि १९४७ साली व्हेरियर एल्विनचे मुरिया आणि त्यांच्या गोटुलावरचे. आपल्या भामरागड-एटापल्लीचे माडिया आणि सीमेपलीकडचे माडिया एकाच समाजाचे, त्यामुळे ही पुस्तके आपल्या शेजारघराची आहेत. गोटुल म्हणजे गावातल्या तरुणांचे सामाईक घर. मुरियांच्या गोटुलात मुले-मुली दोघेही रात्री राहत. माडियांकडे ते प्रामुख्याने मुलांचे झोपण्याचे ठिकाण आणि गावाच्या बैठकीची जागा. बाहेरच्यांनी या फरकाची फार गल्लत केली आणि गोटुल म्हटले की भलतेसलते हसू लागले. एल्विनने जे पाहिले ते गंभीर होते. जाणते होऊ लागलेले मूल आईबापांच्या खोलीतून बाहेर पडते आणि आपल्याहून चार-सहा वर्षांनी मोठ्या मुलांच्या हाताखाली येते. तिथे झाडलोट, सरपण, नाच, गाणे आणि शिस्त ते त्यांच्याकडूनच शिकते. मालकीची भावना आणि मत्सर एल्विनला तिथे कमी दिसले. एल्विन गोटुलाच्या प्रेमात होता आणि त्याचे काही निष्कर्ष त्या प्रेमाने रंगलेले आहेत, हे मान्य. तरीही फ्रॉइडच्या तिघांच्या नाटकात समवयस्कांना जवळपास जागाच नव्हती, आणि इथे तर अर्धे नाटक त्यांचेच होते, ही नोंद मोलाची ठरते.

आमच्या पाठ्यपुस्तकांतून जी गोष्ट गळली आहे, ती इथून पुढे सुरू होते.

एरिक एरिक्सन १९०२ साली फ्रँकफर्टला जन्मला. जन्मदात्या बापाचे नाव त्याला कधीच कळले नाही. व्हिएन्नात ॲना फ्रॉइडच्या हाताखाली शिकून तो १९३३ मध्ये अमेरिकेला गेला. आपण कोण, हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला होता. १९३८ च्या सुमारास तो साउथ डाकोटातल्या पाइन रिज या राखीव प्रदेशात गेला. तिथे लाकोटा आदिवासी राहत. त्यांना बाहेरचे लोक सू म्हणत. सरकारने त्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढल्या होत्या. शिक्षक त्याच्याकडे तक्रारी घेऊन आले: मुले पळून जातात, गप्प बसतात, चढाओढ करत नाहीत, वस्तू जपून ठेवत नाहीत. एरिक्सनने वर्गाबरोबर घरही पाहिले. घरी बाळाला मुबलक दूध आणि मुबलक मोकळीक मिळत होती; देणारा मोठा, साठवणारा लहान, असा तिथला रिवाज. आणि ज्या रानरेड्यांच्या शिकारीवर हे सारे जीवन उभे होते, ते कळप गोऱ्यांनी आधीच संपवले होते. शाळा त्या मुलाला घड्याळ, मालकी आणि स्पर्धा शिकवत होती. मुलात दोष नव्हता, दोन जगांच्या मधोमध ते उभे राहिले होते. यांतूनच १९५० साली त्याचे बालपण आणि समाज यांविषयीचे पुस्तक आले आणि जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या आठ टप्प्यांचा सिद्धांत मांडला गेला. बी.ए. आणि डी.एड.च्या परीक्षेत मुले ते आठ टप्पे धडाधड लिहितात. त्या टप्प्यांमागे आदिवासी निवासी शाळेतली मुलेही होती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

१९३८ च्याच उन्हाळ्यात अब्राहम मॅस्लो कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ब्लॅकफूट आदिवासींमध्ये काही आठवडे राहून आला. त्याला तिथे बहुतेक माणसे मनाने निर्धास्त दिसली. इतका निर्धास्तपणा त्याला आपल्या शहरी समाजात थोड्यांतच आढळला होता. पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याने गरजांच्या क्रमाचा लेख लिहिला. त्या लेखात त्रिकोण नाही. तो नंतर व्यवस्थापनवाल्यांनी काढला, आणि माणसाचे शिखर म्हणजे एकट्याने गाठलेले शिखर, असा त्याचा अर्थ शिबिराशिबिरांत पसरला. ज्यांच्याकडे पाहून मॅस्लो अचंबित झाला, ती माणसे एकटी उंच झालेली नव्हती. त्यांना एकमेकांचा भरवसा होता.

तिसरे नाव मेरी एन्सवर्थचे. जॉन बोल्बीने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहून दाखवून दिले की लहान मुलाला जिव्हाळ्याच्या माणसापासून दीर्घकाळ तोडले तर त्याचे मन खोल दुखावते. बोल्बीला स्वतःला लहानपणीच निवासी शाळेत धाडले होते. एन्सवर्थने या विचाराची पहिली मोठी पाहणी १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत, २६ कुटुंबांत केली. तिथल्या बाळांना सांभाळणारी माणसे अनेक असत, तरी बाळ एखाद-दोघांना घट्ट धरून असे, आणि त्या आधारावर बिनधास्त रांगत दूर जाई. पुढे बाल्टिमोरच्या प्रयोगखोलीत तिने जे मोजले, ते आधी झोपड्यांच्या ओसरीवर पाहिले होते.

हे सगळे आरमोरीपर्यंत आणून ठेवायचे कारण आश्रमशाळा. महाराष्ट्राने १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळा काढल्या. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या ज्या पाड्यांपर्यंत पावसाळ्यात रस्ता नसायचा, तिथल्या पोरांना अन्न, पुस्तक आणि दहावीचा दाखला या शाळांनी दिला. त्यांच्यातून शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, डॉक्टर झाले. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातही १९७६ पासून निवासी शाळा आहे आणि तिने काय घडवले ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून आश्रमशाळा नकोत, असे मी म्हणणार नाही. पण पहिलीत, सहाव्या वर्षी, माडिया किंवा गोंडी बोलणारे लेकरू मराठी बोलणाऱ्या मोठ्या वसतिगृहात एकटे येते, तेव्हा त्याचा हात धरणारे एक ठरलेले माणूस तिथे आहे का, हा प्रश्न बोल्बी आणि एरिक्सन यांनी आपल्यासाठी विचारून ठेवला आहे. सणाला घरी गेलेले पोर परत येत नाही. त्याची नोंद गैरहजेरीत होते. ती त्याच्या मनाची नोंद म्हणूनही वाचायला हवी. पाइन रिजच्या शिक्षकांच्या तक्रारींची यादी आजच्या एखाद्या अधीक्षकाला वाचून दाखवली तर त्याला ती आपल्याच शाळेची वाटेल.

भाषेचा मुद्दा वायगॉट्स्कीचा. अवघ्या सदतिसाव्या वर्षी, १९३४ मध्ये, क्षयाने गेलेल्या या रशियन अभ्यासकाने सांगितले की मूल आधी मोठ्यांशी बोलते आणि तेच बोलणे हळूहळू आत जाऊन त्याचा विचार बनते. ज्या भाषेत आई रागावते आणि समजावते, तिला शाळेच्या दारात थांबवले तर विचारही काही काळ दारातच थांबतो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या नावात गोटुल हा शब्द ठेवला. तिला मान्यतेसाठी झगडावे लागले आहे. मला तो प्रयत्न या जिल्ह्यातल्या शिक्षणाच्या इतिहासातला फार महत्त्वाचा टप्पा वाटतो.

एरिक्सनच्या चौथ्या टप्प्यात, साधारण सहा ते बारा या वयात, मुलाला आपल्या हाताला काम येते याचा विश्वास मिळतो किंवा आपण कमी आहोत हा सल रुततो. आरमोरीत याचे उत्तर ऐन-अर्जुनाच्या झाडांवर लटकलेले दिसते. इथल्या ढिवर घरांत कोसा पाळण्याची जुनी परंपरा आहे. अळ्या झाडावर सोडल्यापासून कोष बांधला जाईपर्यंत पाखरे आणि मुंग्यांपासून राखण करावी लागते, आणि त्या राखणीत घरातली पोरे बापाबरोबर असतात. कोणती अळी आजारी, पाला संपला की कोणत्या झाडावर हलवायचे, हे ती बघूनच शिकतात. रोवण्याच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या पोचवणारी पोरगीही तशीच. बालमजुरीचे समर्थन मला करायचे नाही. शाळा बुडवून राबणारे मूल हे आपले अपयश आहे. पण हे ज्ञान शाळेत शून्य गुणांचे ठरते, तेव्हा हुशार पोर स्वतःला ढ समजू लागते. आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये झालेल्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची योजना मांडली होती. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शिकलेले डॉ. अभय बंग पुढे डॉ. राणी बंग यांच्यासह याच गडचिरोलीत आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते छापले. व्यक्तिमत्त्वाचे सारे सिद्धांत मूल जगणार हे गृहीत धरून लिहिलेले आहेत. इथे ती पहिली पायरी माणसांना बांधावी लागली, आणि ती बांधताना जेमतेम शिकलेल्या बायांना आपल्या हातांचा विश्वास आला.

झाडीपट्टीच्या नाटकाचे नाव घेतल्याशिवाय हा मागोवा पुरा होणार नाही. बांडुराने १९६१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले की मुले मोठ्यांचे पाहून वागणे उचलतात. इथे दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू झाला की आईच्या मांडीवरचे बाळदेखील रात्रभर मंडपात असते. राजा, खलनायक, म्हातारी, प्रेमिक अशी सगळी रूपे आपल्याच ओळखीच्या माणसांनी घेतलेली ते पाहते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे या रंगभूमीवर मोठे झाले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मंचावर धीट उभे राहायला या मुलखाला शिबिराची वाट पाहावी लागली नव्हती.

अलीकडच्या काळात व्यक्तिमत्त्वाच्या पाच गुणांच्या मापनाचा बोलबाला आहे. नोकरीच्या चाचण्याही त्यावर चालतात. २०१३ साली बोलिव्हियाच्या जंगलात शिकार आणि शेती करणाऱ्या त्सिमाने लोकांतल्या ६३२ प्रौढांवर ते माप लावले, तेव्हा पाच गुण वेगळे निघालेच नाहीत. ठळक दिसले ते दोन: लोकांशी मिळून राहणे आणि कामसूपणा. गडचिरोलीच्या जंगलात असे कोणी पाहिले तर काय निघेल, याचे मला मोठे कुतूहल आहे.

ते पाहणारे आता इथेच तयार होत आहेत. २०११ पासून या भागाला स्वतःचे गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या आरमोरी-कुरखेड्याच्या मुलामुलींना माझी विनंती आहे: आठ टप्पे पाठ करून झाल्यावर वही घेऊन जवळच्या आश्रमशाळेच्या पहिलीच्या वर्गात वर्षभर जा. लेकरू पहिल्या महिन्यात कोणाशी बोलते, रात्री कोणाजवळ झोपते, पोळ्याला घरी जाऊन कधी परतते, ते लिहा, आणि जमेल तिथे माडिया-गोंडीतच लिहा. आणि ज्यांच्या हाती प्रवेशाचे नियम आहेत त्यांनी निदान पहिली-दुसरीची शाळा पाड्यातच ठेवावी, आणि वसतिगृहात लेकरांची बोली बोलणारी एक बाई नेमावी.