उन्हाळ्यातील ससेपालन

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा वारंवार ४० अंशांच्या वर जातो आणि माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या ऊसपट्ट्यातील गावही या झळांतून सुटत नाही. येथील माळरानावरचा रानससा हे ऊन सोसतो म्हणून पाळीव ससाही सोसेल, हा समज मात्र चुकीचा आहे. कारण पाळीव ससा मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडील, जमिनीत बिळे करून दुपार गारव्यात काढणाऱ्या वेगळ्याच जातीचा वंशज असून पिंजऱ्यात त्याची ती सोय हिरावली जाते.

सशाला घामाचा उपयोग जवळजवळ होत नाही. त्याच्या लांब, पातळ कानांतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातील उष्णता बाहेर टाकतात, परंतु भोवतालची हवाच अंगाइतकी, म्हणजे सुमारे ३९ अंश तापली की हा मार्ग खुंटतो. तीव्र उष्णतेने नराची प्रजननक्षमताही काही काळ घटते.

पत्र्याच्या छपरावर उसाच्या पाचटाचा जाड थर दिल्यास पत्रा कमी तापतो, मात्र आगीची काळजी घ्यावी लागते. वाऱ्याच्या बाजूला लावलेले ओले गोणपाट सोलापूरच्या कोरड्या हवेत चांगला गारवा देते, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. कोकणच्या दमट हवेत तोच उपाय फिका पडतो. पाणी सतत हवे. धापा टाकणाऱ्या, मलूल सशाला थंडगार पाण्यात बुडवणे घातक ठरते. त्याला सावलीत नेऊन कान साध्या पाण्याने ओले करावेत आणि तातडीने पशुवैद्य गाठावा.