गाठ मऊ की कडक?

मागच्या आठवड्यात मीरा-भाईंदरच्या टोकाला, उत्तनला, आमच्या गटाची बैठक होती. एक ताई स्तनाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आली. त्यात 'इलास्टोग्राफी' असा शब्द आणि पुढे 'गाठ मऊ' असं लिहिलेलं. तरी डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली होती. "मऊ आहे ना, मग सुई कशाला?" ताई म्हणाली. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज तेवढंच बोलू.

कणकेच्या एका गोळ्यात द्राक्ष लपवा, दुसऱ्यात चिंचोका. वरून बोटानं दाबा. द्राक्ष दबतं, चिंचोका दबत नाही. कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा चिंचोक्यासारखी कडक असते. इलास्टोग्राफी म्हणजे हेच दाबून बघणं, पण सोनोग्राफीच्या मशीननं. त्याच पलंगावर, काही मिनिटं जास्त. एका प्रकारात डॉक्टर अंगावर फिरवायचा दांडा हलकेच दाबतात; काय किती दबलं ते पडद्यावर रंगांत दिसतं. दुसऱ्या प्रकारात मशीनच आत बारीकशी लाट पाठवतं. कडक भागातून ती वेगानं जाते, मऊ भागातून सावकाश, आणि त्यावरून कडकपणाचा आकडा मिळतो. एक्स-रेचे किरण यात नसतात. पडद्यावर लाल दिसलं म्हणून घाबरू नका, एका मशीनवर लाल म्हणजे कडक तर दुसऱ्यावर निळा.

आता ताईचा प्रश्न. काही कर्करोगाच्या गाठी मऊच असतात. उलट साध्या, जुन्या गाठीत कधी चुना साचतो आणि ती दगडासारखी लागते. म्हणून डॉक्टर गाठीचा आकार आणि कडाही बघतात. कडा गुळगुळीत आणि गाठ मऊ, तर कधी सुई टळते, काही महिन्यांनी परत बघू म्हणतात. ताईच्या गाठीची कड वेडीवाकडी होती. तिथं नुसत्या मऊपणावर भागत नाही. सुईनं तुकडा काढूनच कळतं. सुई लावली की रोग पसरतो, ही भीती आमच्या गटातही होती. ती खोटी आहे.

आणि मशीन नाही म्हणून तपासणीच नाही, असं करू नका. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं स्तन तपासत. २०२१ साली निकाल छापून आला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण कोणत्याही वयात हाताला गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

ताई सोमवारी सुईला जाते आहे. उत्तनहून बसनं भाईंदर स्टेशन, पुढं लोकल. गटातली एकजण सोबत आहे. पुढून उघडणारा ब्लाउज, जुने सगळे रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत भरून झाली आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईआधी सांगावं लागतं.